कड्यावरची एक जागा

फार पूर्वी एका कड्यावर ससाणे गुरुजी शिकारीची विद्या शिकवत. दरवर्षी एकाच पिल्लाला तिथे जागा आणि फुकट खाणं मिळे. परीक्षेत शितली पहिली आली, भिरका दुसरा. तरी गुरुजींनी भिरक्याला निवडलं. "ती काय, उद्या अंडीच उबवणार," ते म्हणाले. भिरका खुशीत कड्यावर राहायला गेला.

एका सकाळी कड्याखालच्या झाडावरून शितलीने विचारलं, "भिरक्या, काल काय शिकवलं रे? मलाही सांग ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. भिरक्याने चोचीतला घास खाली ठेवला. तो गुरुजींना म्हणाला, "ही जागा तिची आहे. ठाऊक असून मी गप्प बसलो."

"मलाही ठाऊक होतं," गुरुजी पुटपुटले आणि खाली मान घालून त्यांनी शितलीला वर बोलावलं. ती आली, तेव्हा भिरक्याला तिच्या नजरेला नजर देववली नाही.