उधाणाची सूट

त्या राज्यात कुणाचीच पाठ त्याची स्वतःची नव्हती. पुढून सगळे खेकडे पक्के, नांग्या टणक, डोळे काठीवर उभे. पण कमरेमागचं अंग जन्मभर लोण्यासारखं मऊ. ते झाकायला शंख लागायचा, आणि शंख कुणाला करता येत नसे, विकतच घ्यावा लागे. त्यातून अंग वाढत राहायचं, शंख वाढायचा नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येकाला जुन्या शंखातून निघून मोठ्या शंखात जावं लागे.

शंखांचं दुकान एकच होतं, मोठ्या कपारीतलं, अष्टपाद शेठचं. शेठ दोन हातांनी माल द्यायचा आणि उरलेल्या सहांनी घ्यायचा. किंमत मोत्याच्या कण्यांत. वर्षातून दोनदा समुद्राला मोठं उधाण यायचं आणि त्या दिवशी कपारीतले भाव उतरायचे. बाकीचे दिवस लोक त्या दिवसाची वाट पाहायचे.

पुळणी या खडकावर लग्न होऊन आली ती पलीकडच्या किनाऱ्यावरून. बोलायला कमी, डोळे मात्र चारी दिशांना. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला रीतीप्रमाणे समोर बसवून माशाच्या खवल्यांची चवड तिच्या नांगीत ठेवली. प्रत्येक खवल्यावर ओरखडे होते. किती ओरखडे तितकी सूट, आणि कडेला चंद्राची खूण. ती कला सरली की खवलं रद्द.

"ही माझ्या सासूनं मला दिली तशी," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, एक लक्षात ठेव. या खडकावर उपाशी राहिलेलीला नावं ठेवत नाहीत, पुऱ्या भावात घेणारीला ठेवतात."

पुळणीनं मान हलवली. पुढे पहिल्याच उधाणाला तिला दिसलं की चार दिवस आधी शेठ सगळ्या मालाचे भाव गुपचूप चढवतो आणि उधाणाला तेच उतरवतो. पण नव्या सुनेनं बघायचं असतं, बोलायचं नसतं.

आणि खोटं कशाला सांगा, तिला ते जमलंही. कुठलं खवलं कुठल्या मालाला लावायचं, रद्द व्हायला आलेलं कुणाला देऊन ताजं घ्यायचं, याचा तिला हात बसला. तीन स्पंजांवर दोन मिळतात म्हणून तिनं पाच स्पंज आणले. मग शेवाळाच्या सात गड्ड्या आणल्या, कारण सहा घेण्यापेक्षा सात स्वस्त पडत होत्या. शेजारणी भाव विचारायला येऊ लागल्या. हा सगळा माल राहायचा कुठे, तर घरात, म्हणजे नवऱ्याच्या शंखात. मोठा शंख त्याचा होता.

तिचा नवरा खडपू हसरा होता. "पुळणे, तुझी बचत एवढी वाढलीय की मला बाहेर झोपावं लागणार," म्हणायचा, आणि पाय आखडून घ्यायचा.

त्या वर्षी खडपूचं अंग एकदम भरलं. कात टाकायची वेळ आली. नवं कवच धरण्याआधी खेकड्याला पाय ताणायला जागा लागते. ती न मिळाली तर जुनं कवच आतल्या आत आवळतं. आधी त्याला वळता येईना, मग वाकता. पुळणीनं स्पंज बाहेर काढले, शेवाळ शेजारी ठेवलं. चार दिवस बरं वाटलं. मग अंगानं तेवढीही जागा घेतली.

"शेठकडे एक तपकिरी पट्ट्यांचा शंख आहे," खडपू एका संध्याकाळी म्हणाला. "बारा कण्यांचा. आपल्याकडे चौदा आहेत ना गं?"

"आहेत."

"मग?"

"अहो, उधाणाला अठरा दिवस राहिलेत. माझ्याकडे निम्म्याचं खवलं आहे. सहात मिळेल."

खडपूनं पाय आणखी आखडून घेतले. "काढीन की अठरा दिवस," म्हणाला. "श्वास घेताना जरा तिरकं व्हावं लागतं, एवढंच."

सासूबाईंनी कौतुकानं मान डोलवली. "याच्या वडलांनी दोन उधाणं काढली होती अशी."

सासरे पुळणीनं पाहिलेले नव्हते.

अंग वाढू नये म्हणून खडपूनं खाणं कमी केलं. खडकावर बातमी गेली की पुळणीच्या घरी खाण्याचीही बचत होते, आणि दोघीतिघी तिचं उदाहरण आपल्या सुनांना देऊन आल्या. अकराव्या दिवशी त्याची एक नांगी आत ओढली गेली ती बाहेर येईना. त्यानं हसायचा प्रयत्न केला. तेव्हा पुळणी उठली, बारा कण्या नांगीत घट्ट धरल्या आणि थेट कपारीत गेली.

तपकिरी शंख समोरच्या फळीवर होता. किंमत तीच.

"घ्या ना वहिनी," शेठ म्हणाला. "उत्तम माल आहे. मात्र आज पुरे बारा पडतील. सात दिवसांवर उधाण आलंय. तुमच्यासारखी हुशार बाई सात दिवसांसाठी सहा कण्या समुद्रात टाकणार?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझं काय, मला दोन्हीकडून सारखंच."

मागे रांगेत दोन बायका उभ्या होत्या. त्यांचे चारही डोळे पुळणीच्या नांगीवर होते.

तिनं शंखावरून एकदा नांगी फिरवली. आतून गुळगुळीत होता, ऐसपैस होता. सात दिवस. अकरा तर निघाले. ती परत फिरली. तिच्या नांगीत कण्या तशाच आहेत हे घरी खडपूला दिसलं.

"बरं केलंस," तो म्हणाला. फक्त तेवढंच बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं.

उधाणाच्या दिवशी पुळणी रांगेत सगळ्यांत पुढे होती. पाणी कपारीच्या उंबऱ्यापर्यंत चढलं होतं. तिनं निम्म्याचं खवलं पुढे केलं तसं शेठनं एका हातानं ते हळूच बाजूला सारलं.

"या खेपेला निम्म्याचं चालत नाही, वहिनी. या खेपेला एकावर एक आहे. बारा कण्यांत दोन शंख."

"मला एकच पाहिजे. सहाला द्या."

"एक घ्या की. पण मग बारा पडतील."

"अगं, दोन घे!" मागून कुणीतरी ओरडलं. "दोन घेतलेस की एक सहालाच पडतो!"

खरंच होतं. अठरा दिवसांपूर्वीही बाराच कण्या होत्या आणि आजही बाराच, पण आज दोन मिळत होते. पुळणीनं बारा मोजल्या, तपकिरी पट्ट्यांचा शंख घेतला आणि तसाच दुसरा. एक पुढून ढकलत, एक मागच्या पायांनी ओढत ती निघाली. वाट उलट्या पाण्याची होती. बायका बाजूला होऊन वाट देत होत्या, आणि तेवढ्यात एक म्हणाली, "नशीब लागतं बाई."

सासूबाई घराबाहेर उभ्या होत्या. पुळणी जवळ आली तशा त्यांनी दोन्ही शंखांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून आधी सवयीनं "केवढ्याला?" आलं, आणि मग हुंदका.

खडपू आपल्या शंखात होता, पण त्याचा श्वास थांबला होता. दोघींनी मिळून त्याला बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण जुन्या शंखानं त्याला सोडलं नाही. शेवटी तसाच, शंखासकट, त्यांनी त्याला खोल पाण्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी पुळणी एक शंख परत घेऊन गेली. शेठनं सहाही हात मागे घेतले. "उधाणातला माल परत होत नाही, वहिनी."

तिनं तो पुन्हा घरी ओढून आणला. एकात ती स्वतः राहिली, दुसरा शेजारी ठेवला, तोंडाला तोंड लावून. खडकावर तिचं नाव झालं. अजूनही लांबलांबच्या सासवा नव्या सुनांना तिच्या दारी आणतात आणि दाखवतात की बघ, बारात दोन. सुना वाकून बघतात. भरतीचं पाणी वर चढतं, दोन्ही शंख भरतात. मग एकाच्या तोंडातून हळूहळू बुडबुडे वर येऊ लागतात, आणि दुसऱ्यातलं पाणी नुसतं आत जातं, बाहेर येतं.