डोळ्यांदेखतचं पाणी

माणदेशात खडकेवाडीच्या डोंगरावर, जिथे बाभळसुद्धा जीव मुठीत धरून उभी असते, तिथे एका कपारीतून करंगळीएवढी धार बारा महिने पडते. तिला म्हाळूचा झरा म्हणतात. शेजारी एक दगड आहे, बसून बसून गुळगुळीत झालेला. आणि एक रीत आहे. इथले पाणी एकट्याने प्यायचे नाही. दुसरे कुणी बघत असेल तेव्हाच ओंजळ लावायची.

चैत्रात एके दिवशी साठी ओलांडलेली नऊ माणसे तो डोंगर चढून आली. गुडघ्यांना पट्टे, हातात काठ्या आणि तोंडी एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी. सगळ्यांत मागे शशिकलाबाई होत्या. नवरा गेल्यापासून त्या मागेच चालत. वाटेत कुणी बाटली पुढे केली की म्हणत, आत्ताच प्यायले. घशाला कोरड पडली होती, पण उघड्या माळावर आडोसा कुठला? मग पाणी पिऊन पंचाईत करून घ्या कशाला! लेकीचा फोन आला की स्वयंपाक न करताच "जेवले गं" म्हणायच्या, तसेच हे.

झऱ्याशी सिदूतात्या बसलेला होता. सत्तरीचा धनगर, घरात एकटा. आलेल्यांना झऱ्याची हकिकत सांगायची, हे काम त्याने आपणहून पत्करलेले. सगळे टेकल्यावर त्याने ती सांगितली.

फार पूर्वी, म्हणे, ओळीने तीन वर्षे पाऊस झाला नाही. गाव जितराबे घेऊन दूर नदीकाठी गेले. मागे उरली म्हाळू आणि ठकू ही म्हातारा-म्हातारी. ठकूचे गुडघे धरलेले, तिला चालवेना, आणि तिला सोडून म्हाळूला जाववेना. तेव्हा कपारीत पाणी नुसते ठिबकायचे. सकाळी लावलेला तांब्या भरेपर्यंत दिवस कलायचा. म्हाळू रोज चढायचा, तांब्या घेऊन उतरायचा आणि सांगायचा, "तू पी. म्या वरच प्यालोय." ठकू मुकाट पीत असे. जन्मभर ज्याच्या शब्दावर विसंबली, त्याच्यावर घोटभर पाण्यासाठी संशय कसा घेणार?

एके दिवशी अंधार पडला तरी तो उतरला नाही. उजाडताच ठकू निघाली. गुडघे चालेनात तेव्हा रांगत गेली. वर म्हाळू कपारीला टेकून बसला होता. मांडीत तांब्या, काठोकाठ भरलेला. ओठ मात्र सुकून फुटलेले, आणि अंगात जीव नव्हता.

तिला सगळे उमगले. आधी राग आला, असे सांगतात. रडू मागून आले. तांब्यातले सगळे पाणी तिने त्याच्या ओठांवर ओतले, स्वतःला थेंब ठेवला नाही, आणि म्हणाली, "आजपास्नं हितं कुणी नुसतं प्यालो म्हणायचं न्हाय. दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत प्यायचं. म्याबी तसंच." ते पाणी ओघळून कपारीत गेले, खडक आतून तडकला आणि धार लागली.

पण आता बघायला कोण होते? शब्द तर तोंडातून गेला होता. समोर पाणी पडत होते आणि ठकू या दगडावर वाटेकडे डोळे लावून तहानलेली बसली. दुसऱ्या दिवशी कळप चुकलेला एक मेंढका आला. तिने त्याला पाजले, मग त्याच्या देखत स्वतः प्याली. गाव परत आल्यावरही ती खाली उतरली नाही. माणूस दिसल्याशिवाय पाण्याला शिवायची नाही, म्हणे. पाण्याला तोटा नव्हता, तोटा माणसांचा होता.

हकिकत संपली. मंडळी जोडीजोडीने प्यायली. नवव्या शशिकलाबाई उरल्या. कुणीतरी हाक मारली तशा सवयीने म्हणाल्या, "माझं झालं. मी प्यायले."

"कुणाच्या देखत, बाई?" तात्याने विचारले.

शशिकलाबाईंनी काठी बाजूला ठेवली. त्या धारेखाली वाकल्या आणि तो बघत असताना प्यायल्या, एक ओंजळ, दुसरी, तिसरी. डोळे भरून आले होते, पण तोंड ओलेच होते, कुणाला कळले नाही. मग पदराने तोंड पुसत त्यांनी विचारले, "आणि तुम्ही, तात्या?"

"सकाळधरनं बसलोय की," तो म्हणाला. "कुणी आलंच न्हवतं."

त्या तिथेच उभ्या राहिल्या. तात्याने पोटभर पाणी पिऊन घेतले, तोवर हलल्या नाहीत.

उतरणीला फोन वाजला. लेकीने नेहमीचे विचारले, जेवलीस का?

"नाही गं," शशिकलाबाई म्हणाल्या. "परवाही नव्हते जेवले. तू ये एकदा. तुझ्यासमोर जेवते."

आजही म्हाळूच्या झऱ्यावर गेलात तर तो दगड बहुधा रिकामा नसतो. तिथे बसलेल्या माणसाने आपण प्यालो म्हणून सांगितले, तर त्याचे ऐकू नका. थोडा वेळ थांबा आणि त्याच्याकडे बघत राहा.