पुढे केलेला तळहात

“…तसं नव्हे, माई. माझा प्रश्न वेगळा आहे. घ्यायची ती सगळी काळजी घेतलेली असताना माझी मुलगी एका परक्या माणसाचं बोट धरून चालायला लागली, ती का?”

निरुपमाने प्रश्न नव्याने मांडला होता. मघाशी तो नेमका मांडला गेला नाही म्हणून उत्तर आलं नाही, असं तिला वाटत होतं.

माईंनी धुनीतलं लाकूड चिमट्याने थोडं आत सरकवलं. ठिणग्या उडाल्या, विझल्या.



तापीकाठचा हा मठ लहानसा होता. एक ओसरी, ओसरीत सतत धुमसणारी धुनी आणि धुनीपाशी बसलेल्या माई. विद्यापीठात शिकत असताना निरुपमा इथे ओव्या गोळा करायला आली होती. ओव्या गोळा करून झाल्या, तरी येणं संपलं नाही. आता ती कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होती. माईंची शिष्या म्हणवून घेणं तिला मुळीच मान्य नव्हतं. अंगारा ती लावत नसे, आणि माईंच्या एखाद्या वाक्यात विसंगती सापडली तर ती दाखवून दिल्याशिवाय परतत नसे. माई त्यावर हसत. क्वचित वाक्य मागेही घेत.

आज मात्र ती वाद घालायला आलेली नव्हती. सकाळपासून तिला एका जागी बसवतच नव्हतं. आत्ताही बोलता बोलता ती ओसरीच्या कडेपर्यंत जाऊन परत आली होती.

तिच्या जागेशेजारी केतकी बसली होती. तिसरीतली. मांडी घातलेली, पाठ ताठ, हात मांडीवर.

“किती गुणाची पोर,” स्वयंपाकघराच्या दारात गहू निवडणाऱ्या भामाबाई म्हणाल्या. मठाचा स्वयंपाक त्याच बघत. “आल्यापासून बसवली तिथे बसलीय. आमची नातवंडं असती, तर एव्हाना धुनीत पाणी ओतून मोकळी झाली असती.”

निरुपमाला ते ऐकून बरं वाटलं. मग, बरं वाटलं हे तिला आवडलं नाही.

झालं होतं ते असं. गेल्या आठवड्यात शाळा सुटताना एक माणूस केतकीपाशी आला. ‘तुझ्या आईची गाडी बंद पडली आहे, तिने मला पाठवलंय,’ म्हणाला. केतकी त्याच्याबरोबर निघाली. कोपऱ्यावरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानदाराने हटकलं, कोण हो तुम्ही? तेव्हा त्या माणसाने तिचं बोट सोडलं आणि तो गर्दीत मिसळला.

एवढंच. फक्त एवढंच झालं, असं निरुपमा स्वतःला दिवसभर बजावत असे. आणि तरीही वर्गात शिकवताना तिचं वाक्य मध्येच तुटत असे, पोळी तव्यावर करपत असे.

उद्या पुन्हा शाळा होती.

“परक्या माणसाबरोबर जायचं नाही, हे तिला पाठ आहे,” ती म्हणाली. “घरचा पत्ता पाठ आहे. माझा नंबर पाठ आहे. विचारा हवं तर.”

“असेल की.”

“आता रोज मी स्वतः आणायला जाते. मुख्याध्यापिकांना भेटले. पोलीस चौकीत सांगून आले.”

“चांगलं केलंस.”

“मग राहिलं काय?”

माईंनी चिमट्याने निखाऱ्यांवरची राख बाजूला केली.

“ती घरी आली, तेव्हा तू तिला काय विचारलंस?”

निरुपमाला आठवावं लागलं नाही. “विचारलं, काही झालं नाही ना?”

“मग?”

“नाही म्हणाली.”

“तुला हवं होतं ते मिळालं.”

 परीक्षेसाठी असा प्रश्न कोणी काढून दिला असता, तर प्रश्नातच उत्तर देऊन टाकलंय, या शेऱ्यासह निरुपमाने तो परत पाठवला असता.

“शाळेत कशी आहे?” माईंनी विचारलं.

“बाई खूश आहेत. कसला त्रास नाही तिचा. फक्त भागाकार सुरू झाल्यापासून गणितात मागे पडली आहे. मी रोज घेऊन बसते. समजलं का विचारलं, की हो म्हणते. आणि पेपरात सगळं चुकतं.”

“कधी म्हणाली नाही, समजलं नाही म्हणून?”

“केतकी उलट बोलत नाही, माई.” आवाजात नकळत जुना ताठा आला. “मोठ्यांना नाही म्हणायचं नाही, ही शिस्त आमच्याकडे पहिल्यापासून आहे. पानात वाढलेलं ती टाकत नाही. पाहुणे म्हणाले गाणं म्हण, की म्हणते. शेजारचे काका म्हणाले पापा दे, की…”

ती तिथे थांबली.



नदीपलीकडे कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. त्याची एकसुरी धडधड इथवर येत होती.

माईंनी धुनीतून एक निखारा निवडला. चिमट्यात धरून त्यावरची राख फुंकली. निखारा लाल झाला.

“केतकी,” त्या मायेने म्हणाल्या, “घे बाळ. प्रसाद.”

केतकीने निखाऱ्याकडे पाहिलं. माईंकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, पण प्रसाद म्हटलं की काय करायचं हे तिला ठाऊक होतं. डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवून तिने हात पुढे केला.

निखाऱ्याची धग तळव्यापर्यंत येत होती. हात मात्र मागे गेला नाही.

निरुपमाने झडप घालून तो ओढून घेतला. शेजारचा तांब्या कलंडला, ओसरीवर पाणी पसरलं. भामाबाईंचे हात सुपातच राहिले.

“हे काय चाललंय तुमचं? भाजली असती ती.”

“नसती भाजली. मी दिला नसता.”

“तिला काय माहीत ते?”

“नाहीच माहीत,” माई म्हणाल्या. त्यांनी निखारा हलकेच धुनीत परत ठेवला. “तरी तिने हात पुढे केला.”

“हा क्रूरपणा आहे, माई.”

“आहे.”

निरुपमाने आणखी वाक्यं तयार ठेवली होती. समोरचा इतक्या सहज कबूल झाल्यावर त्यांचं काय करायचं, ते तिला कळेना. केतकीचा तळवा तिने उलटापालटा करून पाहिला. त्यावर काहीही नव्हतं. ती तो पदराने पुसत राहिली.

मग एकदम तिने मुलीला आपल्याकडे वळवलं.

“केतकी, इकडे बघ. आपल्याला जे नको असेल, त्याला नाही म्हणायचं. कोणीही असो. कळलं?”

“हो.”

“म्हण बघू. नाही.”

“नाही.”

“मोठ्याने.”

“नाही.”

“शाब्बास. असंच म्हणायचं.”

धुनीपलीकडे माई हसल्या. आवाज न करता.

“आता काय झालं?” निरुपमाने विचारलं.

“काही नाही. पोर आज्ञाधारक आहे. तू म्हण म्हणालीस, ती म्हणाली.”

निरुपमाच्या विषयात अशा पेचाला एक नाव होतं. दरवर्षी नव्या वर्गाला ती तो पेच फळ्यावर मांडून दाखवत असे, आणि वर्ग चक्रावला की तिला मनापासून आनंद होत असे. आज तो पेच शाळेत जाताना बांधतात तसे केस बांधून, पाठ ताठ ठेवून तिच्यासमोर बसला होता. त्याचं नाव तिच्या काही कामी आलं नाही.

“मग कसं शिकवायचं?” तिने विचारलं.



निरुपमा उठली, पुन्हा ओसरीच्या कडेपर्यंत गेली. वाळूवर बगळे उभे होते. ती परत आली. माई अजूनही बोलल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला या बाईचा स्पष्ट राग आला. उत्तर नसेल तर नाही म्हणावं, माणसाने. निखारे कसले दाखवता?

“निघतो आम्ही,” ती म्हणाली. “ऊठ, केतकी. माईंच्या पाया पड.”

केतकी उठली. पण पुढे झाली नाही.

“केतकी.”

“नाही पडणार.”

हे ती इतकं हळू म्हणाली, की पंपाच्या धडधडीत ते बुडूनच गेलं असतं. पण भामाबाईंनी ऐकलं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “आणि मी आत्ताच गुणाची म्हटलं होतं.”

निरुपमाचा हात केतकीच्या मानेवर गेला. तिने तो तिथे मुद्दाम नेला नव्हता. लग्नाकार्यात, सणावारी जसा जातो तसा तो आपणहून गेला होता. बोटं मानेवर टेकतात, किंचित दाब पडतो आणि मूल वाकतं. आसपासच्या चार माणसांना ते मूल स्वतःहून वाकल्यासारखं दिसतं. लहानपणी निरुपमाच्या मानेवरही तिच्या आईचा हात असाच येत असे. त्या हाताला काचेच्या बांगड्या असत, एवढाच फरक.

तळव्याखाली तिला मुलीची मान जाणवली. बारीक, गरम. आणि ताठ.

“का?” तिने विचारलं. आवाजात धाक होता. तो तिने गिळला आणि पुन्हा विचारलं. “का गं?”

“त्या मला भाजणार होत्या.”

निरुपमाने माईंकडे पाहिलं. माईंनी दोन्ही पाय भगव्या वस्त्राखाली ओढून घेतले होते.

हातातला दाब काढून घेणं फार सोपं असेल, असं तिला वाटलं होतं. ते सोपं नव्हतं. बोटांना आपली वळणं ठाऊक होती, ती एकेक करून सोडवावी लागली.

“बरं,” ती म्हणाली. “नको पडूस.”

केतकी हलली नाही. आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आता पुढे काहीतरी येणार, निदान घरी गेल्यावर तरी येणार, अशा अंदाजाने ती वाट बघत असावी.

काही आलं नाही.

“मला भागाकार येत नाही,” ती म्हणाली.

“बरं.”

“बाकी उरते तिचं काय करायचं ते कळत नाही. तू समजलं का विचारतेस ना, तेव्हा मी हो म्हणते. तू दमलेली असतेस म्हणून.”

निरुपमाच्या जिभेवर काहीतरी आलं. अगं, मी एवढी रोज बसते ती कशासाठी, अशा धाटणीचं काहीतरी. ते तिने जिभेवरच ठेवलं आणि ती खाली बसली, सांडलेल्या पाण्यातच. साडीची कड भिजल्याचं तिला मागाहून कळलं.

“बरं,” ती म्हणाली.

केतकीही बसली. मांडी घालून नव्हे, पाय लांब सोडून. ओल्या फरशीवर ती अंगठ्याने रेघ ओढू लागली.

भामाबाई काहीतरी म्हणणार होत्या. माईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भामाबाई पुन्हा गहू निवडू लागल्या.

…

“आणि आई.”

“हं.”

“ते काका परत आले होते. गाडी बंद पडली म्हणणारे.”



“मधल्या सुट्टीत. मागच्या कुंपणापाशी.” अंगठा रेघ ओढतच होता. “मी जवळ गेले, कारण त्यांनी हाक मारली. ‘आईला सांगू नकोस,’ म्हणाले. म्हणून मी…”

निरुपमा उठून उभी राहिली होती. फोन पर्समधून तिच्या हातात कधी आला, तिला आठवत नव्हतं. कधी आला होता? काय म्हणाला? हात लावला का? काही दिलं का, तू घेतलंस का, जवळ गेलीसच का? प्रश्न एकमेकांना ढकलत पुढे येत होते. मुख्याध्यापिका, चौकी, केतकीचे बाबा, आधी कोणाला फोन लावायचा? बोटं स्क्रीनवर धड पडत नव्हती.

केतकीचा अंगठा थांबला. तिने वर पाहिलं, आणि आईचा चेहरा दिसताच तिचे ओठ मिटू लागले.

“माई,” निरुपमा घोगऱ्या आवाजात म्हणाली, “ऐकलंत तुम्ही? सांगा ना. मी आता काय करू…”

माईंनी चिमटा फरशीवर ठेवला.

“माझ्याकडे नको बघूस,” त्या म्हणाल्या. “तिचं बोलणं अजून संपलेलं नाही.”