धाकूने बुजवलेल्या भिंती

आमच्या कुडवळीत खाडीकाठी अकरा घरांची एक आळी आहे. तिच्या भिंतींना बाहेरून रंग नाही, गिलावा नाही. जांभ्याचे तांबडे चिरे आणि त्यांच्या सांध्यांत शिंपल्यांचा पांढरा चुना, एवढंच. ती तशी का राहिली, ते ऐका.

फार फार वर्षं झाली. सिमेंट तेव्हा गलबतातून नुकतंच येऊ लागलं होतं. धाकू गवंडी शहरात चार वर्षं काम करून गावी परतला. त्याचा हात असा, की ओळंबा न लावता बांधलेली भिंतसुद्धा रेषेत यायची, असं म्हणतात. त्याने आळीला सांगितलं, की ह्या खरबरीत भिंती आता शोभत नाहीत, मी त्या आरशासारख्या करून देतो. लोकांना ते पटलं.

चुना भाजणारी म्हातारी रखमी तेवढी आडवी आली. म्हणाली, "धाकू, चिरा पाणी पितो आणि वाऱ्यावर सोडतो. त्याचं तोंड बांधू नकोस."

धाकू सगळ्यांदेखत म्हणाला, "रखमाबाय, तुझा चुना आता पानाला लाव."

आळी हसली. रखमी निघून गेली, आणि त्या दिवसापासून तिची भट्टी थंड पडली.

सिमेंटच्या गिलाव्याने अकराही घरं गुळगुळीत, राखाडी झाली. पहिल्या पावसात काही कळलं नाही. दुसऱ्या पावसात भिंतींना आतून ओल आली, कणग्यांतल्या भाताला बुरशी धरली. तिसऱ्या पावसात गिलाव्यामागे चिऱ्यांचा भुगा झाला. श्रावणातल्या एका दुपारी विठाबाई तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा तिच्या घराची भिंत तिच्यावर आली. ती वाचली, पण उजवा हात कायमचा गेला.

धाकू तिला बघायला गेला. तिने त्याला बोल लावला नाही. डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

तिथून उठून तो रखमीच्या दारात जाऊन उभा राहिला. तीन दिवस उभा होता, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी रखमी बाहेर आली.

"काय हवं?"

"चुना."

"पानाला का?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

धाकूची मान खाली गेली, ती पुन्हा वर आली नाही. पुढे तीस वर्षं तो जगला, पण त्याने कुणाचं तोंड पाहिलं नाही. माणसं तो पायांवरून ओळखायचा.

रखमीने भट्टी पेटवली. धाकूने लाकडी मोगरी घेतली आणि चिऱ्याला धक्का लागू नये इतक्या हळू गिलावा काढायला बसला. त्याला बारा वर्षं लागली. मजुरी त्याने घेतली नाही. जो चिरा बाहेरून झडला होता, तो फेकला नाही. काढून उलटा फिरवला आणि त्याची आतली धड बाजू बाहेर बसवली. जिथे नवा लागला, तिथे जुन्याच खाणीतला, जुन्याच मापाचा घातला. विठाबाई शेजारी बसून डाव्या हाताने चुना कालवायची.

शेवटच्या घराचा शेवटचा पोपडा पडला तो वैशाख होता, विहिरी आटलेल्या. आणि अकराही घरांच्या भिंतींतून पाणी वाहू लागलं. घोट्याएवढं पाणी आळीतून खाडीकडे गेलं, असं म्हणतात. लोकांनी बोट लावून चाखलं, तर ते आसवांसारखं खारट होतं. मग कुणी कुणाकडे पाहिना. धाकू बोलला होता खरा, पण हसले सगळेच होते.

धाकू गेल्यावर त्याच्या नावाने घुमटी, म्हणजे छोटं देऊळच, बांधायचं ठरत होतं. विठाबाईने बांधू दिली नाही. म्हणाली, त्याला लोकांनी वर बघून हात जोडलेले सोसणार नाहीत.

म्हणून घुमटी नाही. पण आळीत आजही दुरुस्तीला आलेला गवंडी, कुठलाही असो, सामान खाली ठेवतो आणि घरच्या बाईला विचारतो, "धाकूच्या नावाने, चिऱ्याला हात लावू का?" ती लगेच लाव म्हणत नाही. आत जाते, हातातलं काम उरकते. गवंडी तोवर उन्हात मान खाली घालून उभा राहतो, आणि घरातली बाकीची माणसंही त्याच्याजवळ येऊन तशीच उभी राहतात.