वाढत्या मापाचे पॅड

एकदा एक शिवणकाम करणारी स्त्री एका वृद्ध वस्तादांकडे घाटात सायकल चालवायला शिकत होती. स्वभावाने ती अतिशय संशयी. कोथिंबिरीची जुडीही सोडून पाहिल्याशिवाय घेत नसे. मंडईतल्या भाजीवाल्या तिला कोपरापासून नमस्कार करीत. त्यात आदल्या वर्षी उतारावर पडून तिचे उजवे कोपर मोडले होते. 'पुन्हा मोडलं तर हात सरळ होणार नाही,' असे डॉक्टरांनी बजावले होते. हात गेला म्हणजे कात्री गेली, आणि तिच्या कात्रीवरच घर चालत होते. तरी घाटाची ओढ काही सुटेना. येत्या रविवारी उताराची शर्यत होती.

म्हणून वस्ताद तिला कोपरांचे पॅड घ्यायला एका व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. तिने प्रत्येक जोडीची शिवण उलटून पाहिली, पट्ट्या ताणल्या, वासही घेतला. अखेर एक मऊ, ऐसपैस जोडी चढवून ती आरशासमोर उभी राहिली.

"हीच द्या. थोडी सैल आहे, पण उद्या भावालाही होईल."

वस्ताद म्हणाले, "आता ती घालूनच मागच्या विहिरीचे चाळीस पोहरे ओढ. पाणी विहिरीजवळच्या शेवग्याला घाल."

तिच्या मनात पाल चुकचुकली. हा व्यापारी वस्तादांच्याच गावचा. पॅड घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने झाडाला पाणी का घालावे? तरी ती निमूट ओढू लागली. पंधराव्या पोहऱ्याला घामाने पॅड घसरून मनगटावर आले. वस्तादांनी दुसरी, घट्ट जोडी दिली. विसाव्या पोहऱ्याला बोटांना मुंग्या आल्या. तिसरी जोडी मात्र चाळीस पोहरे झाले तरी जागची हलली नाही. वस्तादांनी तिला हात वाकवायला सांगून पॅड मनगटाकडे जोराने ओढले. तरीही ते कोपरावरच राहिले.

आता मात्र तिला राहवले नाही. "वस्ताद, खरं सांगा. यात तुमचा काय फायदा?"

"शेवग्याच्या शेंगा," वस्ताद हसून म्हणाले. "हा दुकानदार मला दरवर्षी देतो. तुझा संशय खोटा नाही, पोरी. पण तू माझ्यावर संशय घेतलास, याच्यावर घेतलास, विहिरीवरसुद्धा घेतलास. आरशासमोर जे सुखाचं वाटलं, त्याच्यावर तेवढा घेतला नाहीस. आयुष्यभर तू लेकरांचे झगे वाढत्या अंगाचे शिवलेस, म्हणून सैल ते शहाणपणाचं वाटलं. झगा सैल असला तर फार तर बावळा दिसतो. पॅड सैल असलं की पडताना ते एकीकडे जातं आणि हाड दुसरीकडे. दुकानात हात सरळ असतो, कोरडा असतो. घाटात तो वाकलेला असतो, घामेजलेला असतो. जे उपयोगी पडायचं आहे, त्याची परीक्षा त्याच्या कामात घ्यावी."

तिने तिसरी जोडी घेतली. तरी घरी जाताना तिला वाटतच होते, की म्हातारा गोड बोलून शेंगांची सोय करून गेला.

रविवारी चौथ्या वळणावर बारीक खडी पसरली होती. सायकल घसरली आणि ती उजव्या अंगावर फरफटत गेली. लोक धावले. तिने कोणालाही हात लावू दिला नाही. डाव्या हाताने आधी उजवे कोपर चाचपले. पॅड खरवडून निघाले होते, पण होते तिथेच होते. मग श्वास रोखून तिने हात हळूहळू सरळ केला. तो पूर्ण सरळ झाला, आणि तिला रडू कोसळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याने दुकान उघडले, तेव्हा मागे रहाट वाजत होता. ती शेवग्याला पाणी घालीत होती.

"ताई, आज काय घ्यायचंय?" त्याने विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "यंदा वस्तादांना शेंगा जरा जास्त द्या."