भुरीची हाक

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना दुधाचे दात यायचे होते, तेव्हाची गोष्ट. एका नदीकाठी वानरांची टोळी राहत होती. हसताय काय? गोष्ट वानरांचीच आहे, आपापल्या शेपट्या चाचपू नका.

टोळीतली अडनिड्या वयाची पोरं, म्हणजे आई हाक मारी तेव्हा बहिरी आणि जांभळं पिकली की सगळ्यांत पुढे, ती आळीपाळीनं उंच झाडावर पहारा करीत. बिबट्या दिसला की ‘खॉक!’ अशी हाक द्यायची. त्या एका हाकेवर सगळ्यांचा जीव.

त्यांत भुरी नावाची एक पोर होती. तिची जीभ अडखळे. तिची हाक ‘ख-ख-ख-खॉक’ अशी फुटे.

म्होरक्याचा पोरगा दांडगोबा. त्याला आयतंच खेळणं मिळालं. त्यानं तिचं नाव ठेवलं खखूबाई. भुरीनं तोंड उघडलं, की तो आणि त्याचे सोबती सुरू, “ख-ख-ख!”

“न-नका ना रे,” भुरी म्हणे.

“अगं, गंमत केली! एवढीही गंमत कळत नाही होय?”

शेवरी ही भुरीची जिवाभावाची मैत्रीण. तीही हसे. हसू येई म्हणून नव्हे. आज हसलं नाही, तर उद्या आपली पाळी, हे तिला ठाऊक होतं. भुरी तिच्याकडे बघे, तेव्हा शेवरी मान खाली घालून अंगावरच्या उवा शोधू लागे. नसलेल्यासुद्धा.

हळूहळू भुरी बोलेनाशी झाली.

टोळीतल्या म्हातारीनं शेवरीला विचारलं, “ही पोर अशी मुकी का गं झाली?”

“तिचा स्वभावच तसा आहे, आजी.”

एका दुपारी टोळी पाण्यावर उतरली. पहाऱ्यावर भुरी होती. शेवरीनं वर पाहिलं. फांदी गच्च धरून भुरी तोंड उघडत होती, मिटत होती.

“बघा, बघा! खखूबाईचा घसा अडकला!” दांडगोबा ओरडला, आणि पोरं नाचायला लागली. “ख-ख-ख! ख-ख-ख!”

त्या गोंगाटात एक हाक खरी होती. शेवरीनं ती ओळखली. मैत्रिणीचा आवाज तो. आता सगळ्यांबरोबर हसायचं, की सगळ्यांसमोर ओरडायचं?

“गप्प बसा रे! ती खरंच हाक देतेय! बिबट्या! पळा, झाडावर चला!”

पोरं झाडावर पोचली. दांडगोबाही पोचला. म्हातारीचे पाय मात्र म्हातारेच होते.

संध्याकाळी म्हातारीची फांदी रिकामी होती. कुणी पानाला तोंड लावलं नाही. “आम्ही नु-नुसती गंमत…” दांडगोबा पुटपुटला. पुढचा शब्द त्याला फुटेना. कुणी हसलं नाही.

शेवरी उठली. “आजीनं मला विचारलं होतं. मी खोटं बोलले. ती गंमत नव्हती, छळ होता. आणि मी हसत होते.”

मग ती भुरीच्या फांदीवर जाऊन बसली. भुरी तिच्याकडे बघेना. शेवरी तरी तिथेच बसून राहिली.

तेव्हापासून त्या टोळीत रीत पडली. कुणाची जीभ कितीही अडखळो, हाक पुरी होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. मधेच कुणी ‘ख-ख’ केलंच, तर सगळ्यांत आधी शेवरी उठायची.

तेव्हा लहानथोरांनो, शेपटी नसली तरी गाठ मारून ठेवा: ज्याची गंमत केली तोच हसत नसेल, तर ती गंमत नव्हे, छळ, आणि छळ बघून हसणारा त्यात वाटेकरी.