खुडूक कोंबडी आणि वाट अडवणारा कोंबडा

एका परसात एक म्हातारी कोंबडी राहत असे. पारिजातकाखालच्या जुन्या टोपलीत ती खुडूक बसली होती. म्हणजे, मुलांनो, अंडी उबवत होती. दिवसातून एकदाच ती दाणापाण्यासाठी उठे आणि अंडी गार होण्याआधी परत येई. पण त्याच परसात एक तांबडा कोंबडा होता. कुणी नजरेस पडले की तो मान फुगवून अंगावर धावे. बदके, तलंगा म्हणजे तरुण कोंबड्या, सगळी जीव घेऊन पळत आणि हा ऐटीत म्हणे, "माझं नुसतं पाऊल वाजलं की परस रिकामं!"

म्हातारी मुळातच भित्री. एकदा तर त्याने तिला विहिरीभोवती इतके पळवले, की ती परतली तेव्हा एक अंडे थंडगार पडले होते. "माझंच काही चुकतं का?" तिने बदकाला विचारले.

"चुकतं ना, आजी!" बदक म्हणाले. "तुम्ही फार हळू पळता."

म्हातारीला तेही पटले. तरुणपणीच पळण्याचा सराव ठेवायला हवा होता, असे तिला दिवसभर वाटत राहिले.

एकोणिसाव्या दिवशी ती उठली. दोन दिवसांत पिल्ले बाहेर येणार होती. आज उशीर झाला असता, तर एकही वाचले नसते. चार दाणे टिपून ती टोपलीकडे वळली, तोच मागून कोंबडा धावत आला. "आजी, पळा!" तलंगा ओरडल्या. ती पळणारच होती. पण बसून बसून पायांना आलेल्या मुंग्या अजून गेल्या नव्हत्या, ते पळण्याइतके उचलेनात. पळणारी जिथे पोहोचेल, तिथे कोंबड्याने सवयीने झेप घेतली. म्हातारी तिथे नव्हतीच! तो तिच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या राखेच्या ढिगात तोंडघशी पडला.

करडा होऊन तो उठला आणि वाट अडवून उभा राहिला. "काय गं म्हातारे, पाय टोपलीत विसरलीस?"

आता मुंग्या ओसरल्या होत्या. पळावे का? पळाले तर पुन्हा विहिरीला फेरे, आणि अंडी गार. आपले चुकत तर नाही ना, ही शंका तिला आताही आलीच. पण पिसे फुलवून ती सरळ त्याच्याच दिशेने चालू लागली. "पाय आहेत रे माझ्याजवळ. तू बाजूला हो, माझी अंडी गार होतात."

कोंबडा धावला आणि वीतभर अंतरावर थबकला. पळणाऱ्याचे काय करायचे, ते त्याला पाठ होते. समोरून चालत येणाऱ्याचे काय करायचे, हे त्याला ठाऊकच नव्हते. "मी... मी जरा किडे शोधतोय," असे पुटपुटत तो मान खाली घालून नुसतीच माती टोचू लागला. म्हातारी त्याच्या शेपटीला घासून पुढे गेली.

अंडी अजून कोमट होती. दोन दिवसांनी सात पिल्ले निघाली आणि लवकरच आईच्या मागोमाग त्या कोंबड्याच्या डोळ्यांदेखत परसभर हिंडू लागली. ते पाहून तलंगा थांबल्या, बदकेही थांबली. कुणी पळेचना, मग कोंबड्याने धावायचे तरी कुणामागे?

तात्पर्य : दांडगाई करणाऱ्याचे निम्मे बळ आपल्या पळण्यात असते; भीती वाटत असूनही जो पाऊल पुढे टाकतो, त्याची वाट मोकळी होते.